कार्डांची मागची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे, बारा खणांची. फिनलंडमधल्या ताम्पेरे गावी एका सुताराने मला बर्चच्या लाकडातून घडवलं आणि कार्डं ठेवायला म्हणून विद्यापीठात हेल्वी राउत्सालोबाईंच्या टेबलावर आणून ठेवलं.

हेल्वीबाई समाजशास्त्राच्या. गिरणीत राबणाऱ्या बायकांना विचारण्यासारखं काही असतं, हेच तेव्हा तिथल्या विद्वानांच्या गळी उतरत नव्हतं. बाईंनी कोणाशी वाद घातला नाही. गिरणीची पाळी सुटली की त्या विणकरणींना विद्यापीठातल्या आपल्या खोलीत बोलवत. ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं कार्डावर शाईने लिहीत, मग दौत बंद करून कॉफी ओतत. खरं बोलणं दुसऱ्या कपाला सुरू व्हायचं. पाहुणी गेली की बाई ते आठवून आठवून कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने उतरवत.

सायमी कोसोला मला अजून दिसते. ती एकटक बाईंच्या ओठांकडे बघत होती.

"ऐकू नीट येतं ना?" बाईंनी विचारलं.

"हो. तसंच लिहा."

दुसऱ्या कपाला मात्र तिचा बांध फुटला. "बाई, मागांच्या खडखडाटात माझे कान पार गेलेत हो. मुकादमाला कळलं तर घरीच बसवेल. लेक पाठीमागून हाका मारते म्हणे. मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आणि पोर वडिलांकडे बोलून जाईल, तिथून गिरणीत कळेल, म्हणून तिलाही सांगत नाही."

"पण रुसते ना ती?"

"रुसू दे. झोपली की पापे घेते मी तिचे."

त्या पेन्सिलीच्या ओळींवरच बाईंचं पुस्तक उभं राहिलं. त्यात नावं कुणाचीच नव्हती, तसा शब्दच दिला होता त्यांनी. पुढे त्या प्राध्यापक झाल्या, त्यांची तसबीर लागली, सभागृहाला नाव दिलं गेलं. कौतुकाला तोटा नव्हता.

बाई गेल्यावर माझी कार्डं संगणकात भरायचं ठरलं.

"मागे पण काहीतरी खरडलंय," काम करणारा पानू म्हणाला.

"कच्चं टिपण असेल रे. पुढच्या बाजूचं तेवढं घे आणि संपव एकदाचं," कार्यालयाच्या मार्केत्ताबाई म्हणाल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, नुसता कंटाळा होता. कार्डं रद्दीत गेली.

पुढच्याच महिन्यात सायमीची लेक इर्या आली. तीही आता म्हातारी झाली होती.

"आई इथे बाईंकडे येऊन गेली होती. तिच्याबद्दल काही लिहिलंय का? मी हाका मारायचे, ती वळायचीसुद्धा नाही. ऐकू येत नसेल तिला, अशी मनाची समजूत घालत आले."

मार्केत्ताबाईंनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा ना. 'ऐकू नीट येतं का? हो.'"

इर्याने ते दोनदा वाचलं. "म्हणजे ऐकू येत होतं तिला," एवढंच म्हणाली आणि कोटाची बटणं लावत निघून गेली.

मी हातभर अंतरावर होते, रिकामी. मला ओरडावंसं वाटलं, पण पेटीला तोंड कुठलं?

मित्रांनो, कुणाचाही कागद टाकण्याआधी एकदा उलटून बघा, एवढंच माझं मागणं. इर्याला आता त्याचा काही उपयोग नाही.