रेघेच्या वरची बाजू

यू-पिन सरळ करून बाईंनी सीडी ड्राइव्हच्या बारीक भोकात खुपसली आणि अडकलेला ट्रे बाहेर ओढला.

"आई, तो मेलाय आता," मुलगा म्हणाला. "नवा मागवतो. परवा येईल."

"चौकशी उद्या आहे. वरातीमागून घोडं काय कामाचं?"

बाईंनी पस्तीस वर्षं एका कारखान्यात ड्रॉइंगं काढली होती. त्यांवरूनच बनलेल्या एका पादचारी पुलाचा कठडा गेल्या महिन्यात निखळला आणि दोघं जायबंदी झाले. जोड दोन्ही बाजूंनी करायचा असताना एकाच बाजूने केला, असं म्हणत कारखान्याने वेल्डरला घरी बसवलं. ड्रॉइंगमध्ये एकच बाजू होती, असं वेल्डरचं म्हणणं. कारखान्यातले कागद कधीच भिजून गेले होते. बाईंना मात्र प्रत्येक ड्रॉइंगची सीडी घरी ठेवायची खोड होती.

"माझ्या ड्रॉइंगला नावं ठेवतो, कामचोर!" असं त्यांनी फोनवर वेल्डरलाच सुनावलं होतं.

ड्राइव्ह दोनदा कुरकुरला आणि गप्प झाला. त्यांनी भिंग कापसाने पुसलं, वायर दुसऱ्या खाचेत लावून पाहिली. मग त्या वायरकडेच बघत राहिल्या. लॅपटॉपकडच्या बाजूला तिला टोकं दोन होती. एक फालतू समजून त्यांनीच पूर्वी चिकटपट्टीने बांधून ठेवलं होतं. जुन्या लॅपटॉपवर एकाने भागायचं, या नव्यावर तेवढी वीज पुरत नव्हती. त्यांनी पट्टी सोडवली, दोन्ही टोकं लावली आणि सीडी गरगरू लागली.

"बघ! म्हणे मेलाय."

ड्रॉइंग उघडलं. कठड्याच्या जोडापाशी आडवी रेघ होती. रेघेखाली खूण म्हणजे बाणाकडच्या बाजूला वेल्डिंग. वरही खूण असेल तर पलीकडेही. बाईंनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. खाली खूण होती, वर काहीच नव्हतं. खूण त्यांनी एका जुन्या शिडीच्या ड्रॉइंगवरून उचलली होती आणि फक्त आकडा बदलला होता. कोपऱ्यात त्यांचीच सही. शरमेने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मुलाला न सांगताच कळलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, आई. ड्राइव्ह चालत नाही म्हणून सांग. मघापर्यंत चालत नव्हताच."

"आणि त्या माणसाचं काय?"

"लागेल कुठेतरी कामाला."

"माझा डाग कपाळावर घेऊन? गप्प बस तू."

दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्याने सीडी उलटसुलट करून पाहिली आणि परत सरकवली.

"ही आमच्याकडे कुठे चालायला, बाई? राहू द्या. तुमच्याबद्दल कुणाची तक्रारच नाही."

कारखान्याच्या मॅनेजरने घाईघाईने मान डोलावली. भिंतीकडेच्या खुर्चीत वेल्डर बसला होता. तो बाईंकडे बघतही नव्हता.

बाईंनी पिशवीतून ड्राइव्ह काढला आणि टेबलाला वळसा घालून थेट अधिकाऱ्याच्या कॉम्प्युटरपाशी गेल्या.

"जरा सरका."

तो सरकला. बाईंनी वायरची दोन्ही टोकं कॉम्प्युटरला लावली. ड्रॉइंग पडद्यावर आलं तसा मॅनेजर अर्धवट उठला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"तुम्ही या इकडे," त्या वेल्डरला म्हणाल्या.

"मी कशाला?"

"ड्रॉइंग माझं आहे, सही माझी आहे. पण नीट वाचलं होतं तुम्ही. आता यांनाही वाचून दाखवा."