बाजाराची पानं, घरच्या अळकुड्या

पापडी गावचा प्लासिड संशयी होता, पण उगाच नाही. शेजारच्या आलोशियसच्या वाडीत असंच कुणीतरी माती तपासायला आलं, आणि आता तिथं चार मजली इमारत उभी होती. म्हणून कॉलेजातली विनिता अळूची रोपं मुळांसकट मागायला आली, तेव्हा त्याच्या मनात पाल चुकचुकली.

"कुठल्या बिल्डरनं पाठवलं?"

"कुणी नाही हो काका. तुमच्या अळूला लागतं त्या ओहोळात कारखान्यांचं पाणी येतं ना? त्यातलं शिसं अळूत कुठं साठतं, ते बघायचंय."

कुरकुरत का होईना, त्यानं रोपं दिली. खरं तर चोराच्या मनात चांदणं! ओहोळाला वास मारायला लागल्यापासून त्यानं अळूचं एक पान घरात येऊ दिलं नव्हतं. पानं सगळी बाजारात. घरी फक्त अळकुड्या. मातीखालचा कंद, त्याला काय होतंय? नात सँड्रा तर उष्टावणापासून उकडलेल्या अळकुडीवरच वाढलेली.

महिन्याभरानं विनिता परत आली. "काका, पानं चांगली निघाली, पण..."

"पण-बिण नको," प्लासिडनं तिचं बोलणं तोडलं. गोड बोलून वाडी घशात घालायची असेल, दुसरं काय! "चांगली आहेत ना? मग खाऊन दाखवा."

त्याची बायको बेला हिनं मुकाट्यानं त्या पानांचं फदफदं रांधलं. विनितानं वाटीभर खाल्लं, वर आणखी मागितलं. प्लासिड तिच्या तोंडाकडे टक लावून बसला होता. तेवढ्यात सँड्रा आपली ताटली घेऊन शेजारी येऊन बसली.

विनिताचा हात थांबला. "ही काय खातेय?"

"अळकुडी. घरची."

"काका, तेच सांगत होते! शिसं पानांत चढलं तर झाड मरेल. म्हणून ते त्याला खालीच अडवतं, मुळांच्या पेशींत कोंडून ठेवतं. तुमच्या तर कंदातही सापडलंय. हिचं रक्त आजच तपासून घ्या."

प्लासिडनं ताटली हिसकावली, तशी सँड्रानं भोकाड पसरलं.

बेलानं पोरीला उचललं. "पानांना भाव चांगला येतो म्हणून विकतो, असं सांगायचास ना मला?"

प्लासिड ताटली रिकामी करायला मोरीकडे वळला.

"खरं सांग. पानं घरात का येऊ देत नव्हतास?"

तो आजवर ज्या नजरेनं सगळ्या जगाकडे बघायचा, त्याच नजरेनं आता बेला त्याच्याकडे बघत होती.