ठेंगण्या दारावरचा दगड

मित्रांनो, मी एक जुना आडवा दगड आहे. बल्गेरियाच्या डोंगरातल्या एका चर्चच्या दारावर मी सहाशे वर्षं काढली. आता त्याच चर्चच्या अंगणात, रानगवतात पालथा पडलो आहे.

मला मिल्को पाथरवटाने घडवलं. वेदी त्याने पूर्वेला बांधली आणि दार पश्चिमेला ठेवलं, म्हणजे माणसाने मावळतीकडून उगवतीकडे चालत जावं. पण दार केलं जेमतेम छातीएवढं.

गावकरी म्हणाले, "मिल्को, अरे यातून बैल तरी आत येईल का?"

"बैलाला कोणी बोलावलंय? माणसाने यावं, तेही मान खाली घालून."

तेव्हापासून सगळे माझ्याखाली वाकले. मला त्याचा थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू? शवपेटी बाहेर काढताना तर खांदेकऱ्यांनाही वाकावं लागे. त्यामुळे गरिबातल्या गरिबासाठीही शेवटी चार माणसं वाकत.

नेदाबाईला मात्र आत येताना वाकावं लागत नसे. तंबाखूच्या शेतात राबून तिची पाठ आधीच तेवढी वाकली होती. तिचा मुलगा वेलचो गावचा प्रमुख, अंगाने ताडमाड. लग्नाच्या दिवशी त्याने माझ्यावर टाळकं आपटून घेतलं आणि वऱ्हाड पोट धरून हसलं. ते तो विसरला नव्हता. सणाला मोठे धर्मगुरू येणार असं कळताच त्याने दार उंच करायचं ठरवलं.

"आई, त्यांचं डोकं फुटलं म्हणजे?"

"वाकता येत नसेल तर कसले रे धर्मगुरू? हे बघ, जन्मभर मी वाकले. मला बाहेर नेताना एकदा चौघं माझ्यासाठी वाकू देत. मग पाड हवं ते."

"अगं, तू कुठे निघालीस एवढ्यात?"

आठवड्याभरात मला पहारीने उचकटलं. माझ्या जागी, चांगली दोन हात वर, सिमेंटची तुळई आली. धर्मगुरू काही आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी नेदाबाई गेली.

खांदेकरी ताठ मानेने बाहेर पडले. त्यांचा काय दोष? मागून वेलचो आला. मोकळ्या दाराशी थबकला आणि मी जिथे होतो तिथे काहीच नसताना कमरेतून वाकला. बराच वेळ तसाच राहिला. तोवर त्याची आई फाटकाबाहेर गेली होती.

मला पुन्हा वर बसवा, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस एखादी साधी गोष्ट मागेल, तेव्हा ती हसून उडवून लावू नका.

वेलचो दर रविवारी येतो. त्या उंच दारातून तो अजूनही वाकूनच आत जातो.