चालू ठिबक

राधाकिशनरावांना डॉक्टरीणबाईंचं बोलणं चटकन कळलं, आणि घोटाळा तिथंच झाला. बायनाबाईंचा, म्हणजे त्यांच्या मंडळींचा, उजवा खांदा दवाखान्यात ऑपरेशन करून बदलला होता. मानेपाशी बारीक नळी अन् नळीच्या टोकाला औषधाचा फुगा. एकदाच इंजेक्शन दिलं तर त्याचा अंमल उतरला की दुखणं उसळतं; म्हणून हे औषध दोन-तीन दिवस थेंबथेंब नसेपाशी झिरपत ठेवायचं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं.

"म्हंजी ठिबकच की," राव खूश होऊन म्हणाले. दुष्काळात पाणीवाटप सोसायटीचे चेअरमन असताना सगळ्या गावाला ठिबक त्यांनीच शिकवलं होतं. त्या आनंदात 'नळीला हात लावू नका' हे पुढचं वाक्य हवेतच विरलं. चेअरमन माणूस, दुसऱ्याचं अख्खं ऐकायची सवय कुठली!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुखतंय का विचारलं. हात हाय का न्हाई तेच कळंना, असं बाई म्हणाल्या. रावांनी फुगा पाहिला, तर चांगलाच उतरलेला. रान ओलं असताना कॉक चालू ठेवणारा माणूस त्यांना कधी खपला नव्हता. त्यापायी गावातल्या शहादेवचं तर त्यांनी भर सभेत पाणी तोडलं होतं. दुखायला लागल्यावर औषध शिल्लक नको का? त्यांनी नळीवरचा चिमटा दाबला आणि वैजनाथाच्या दर्शनाला निवांत परळीची एसटी धरली.

दिवस कलताना ते प्रसाद घेऊन परतले. बाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. चादरीचा कोपरा दातांत, कपाळ घामानं डबडबलेलं. रावांनी घाईघाईनं चिमटा उघडला, पण उपयोग होईना. नस एकदा जागी झाली की एवढ्याशा थेंबांनी लवकर निजत नाही, असं म्हणत डॉक्टरीणबाईंनी नव्यानं इंजेक्शन दिलं. त्या रागावल्या असत्या तर रावांना बरं वाटलं असतं.

बाईंचा चेहरा सैल पडल्यावर ते म्हणाले, "अगं, घंटी हाताशी होती. सिस्टरला बोलवायचं न्हाई का?"

"तुमी चिमटा लावताना बघितलं की मी. म्हणलं, तुमी केलंय म्हंजी कायतरी हिशेब असंल."

रावांनी बाईंच्या खांद्याकडं पाहिलं. त्या दुष्काळात टँकर ते मुद्दाम वेशीत उभा करायचे, अन् चेअरमनच्या घरचा नंबर शेवटी. कुणी बोट दाखवू नये म्हणून. त्यांना सभेत हार पडले, आणि वेशीपासनं पाणी वाहिलं ते या खांद्यानं. घरात त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं.

ते आता विचारलं. "टँकरच्या वक्ताला बी दुखत व्हतं का गं?"

"लई दुखायचं," बाई डोळे मिटून म्हणाल्या. "पर तवा बी चेअरमन तुमीच व्हता."

रावांनी प्रसादाची पुडी खिशातच ठेवली.