पायाळू महाराजांची लाथ

नदीकाठच्या राजघाटावर पायाळू महाराजांनी लाथ घातली की रोग्याच्या पाठीतून ‘कट्’ असा आवाज येई आणि गर्दी जयजयकार करी. जन्मताना आधी पाय बाहेर आलेला माणूस पायाळू, आणि त्याची लाथ बसली की धरलेली कंबर सुटते, ही आपल्याकडची जुनीच समजूत. भूपेंद्र नावाच्या या धटिंगणानं तिच्यावर दुकान थाटलं होतं.

“सरकी हुई गादी जागेवर बसली! ऐकला ना आवाज?” तो गरजे. गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. पण याचा थाट असा, की जणू शेटजींनाच गादीवर बसवतोय!

रांगेतल्या कोकिळेचं मात्र जयजयकाराकडे लक्ष नव्हतं. तिच्या नवऱ्याची, सुकलालची, केळीचा घड उचलताना कंबर धरली, त्याला महिना झाला होता. दिराच्या हट्टापायी ती त्याला घेऊन इथं आली आणि आता पस्तावत होती.

“महाराज, सकाळपासून यांना लघवी झाली नाही. मांड्या पण सुन्न पडल्या.”

“बाधा उतर रही है, ताई. बाजूला व्हा.”

पहिली लाथ बसली. कट्! सुकलाल तोंडावर आपटला, ओठ फाटला, फरशीवर रक्त सांडलं. दुसऱ्या लाथेला तो गुरासारखा हंबरला. तिसरीसाठी पाय उचलला, तसा कोकिळेनं तो धरला आणि पोटरीचा कडकडून चावा घेतला. महाराज बोंबलत पायरीवर कोसळले. त्यांच्या मुठीतून जत्रेत मिळतो तसला पत्र्याचा बेडूक घरंगळला. कोकिळेनं तो उचलून दाबला.

कट्!

पाठीतून येणारा आवाज तो हाच! दीर चप्पल काढून महाराजांना बडवू लागला.

“मारामारी पुरे! गाडी आण!” कोकिळा किंचाळली.

दवाखान्यात डॉक्टर तृप्तींनी सुकलालचे पाय टाचणीनं टोचून पाहिले, तातडीनं एमआरआय काढला. “चकती फुटून नसांवर दाबली गेलीय. लघवी अडलीय, म्हणजे थांबायचं नाही. आत्ताच ऑपरेशन.”

“मग बाकीचे बरे कसे झाले, मॅडम?” दिरानं विचारलं.

“साधी उसण काही आठवड्यांत आपोआप उतरते. चकती सरकली तरी बरेच जण गोळ्या आणि व्यायामानं बरे होतात. नाव मात्र लाथेचं! पायाळू मूल बाळंतपणात आईला जड जातं, एवढंच. त्याच्या पायात औषध नसतं.”

ऑपरेशननंतर सुकलालला लघवी झाली, तेव्हा कोकिळा ढसाढसा रडली. त्याचा डावा पाय मात्र अजून ओढतो.

परवा लोधीपुऱ्यात कोकिळेच्या घराशेजारच्या मंगलाकाकूंना उसण भरली. त्या पायाळू माणूस शोधू लागल्या. कोकिळेनं तो बेडूक त्यांच्या कानाशी वाजवला.

“ही बघा बसलेली गादी, काकू! पाय बधिर झाले, लघवी अडली, तर थेट दवाखाना गाठा. अन् लाथ मारायचीच असेल ना, तर या खुळाला मारा.”