रुमालाखालची बोटं

कॉर्नेट ही छोटी पितळी तुतारी वाजवताना आल्सीदच्या उजव्या हातावर कायम एक निळा रुमाल असायचा. बोटं कुठल्या कळेवर पडतात हे समोरच्याला दिसलं, की दुसऱ्या दिवशी ते वाजवणं समोरच्याचं झालं, असा त्याचा पक्का समज. न्यू ऑर्लिन्समध्ये असा रुमाल टाकणारे आणखीही होते, पण आल्सीदचा रुमाल म्हणजे अगदी देव्हाऱ्यावरचा पडदा. आणि समोरचा म्हणजे तरी कोण, तर ओनेसिम. दिवसभर लोकांच्या भिंतींना गिलावा करायचा, संध्याकाळी स्वतःही कॉर्नेट वाजवायचा, आणि सुट्टी असली की आल्सीदच्या पुढ्यात येऊन मान वाकडी करून रुमालाखाली बघायचा. पंधरा वर्षं हेच चाललेलं.

"मान मोडेल लेका तुझी," आल्सीद म्हणायचा.

"मोडू दे. एक दिवस वारा सुटेल आणि तो रुमाल उडेल," ओनेसिम म्हणायचा.

फिलोमेन पियानोमागे बसून हसायची. ती आल्सीदची बायको, आणि बँड तिच्याच नावावर होता, कारण सहा जणांत कागद वाचून मग सही करणारी तीच एक.

पण त्या हिवाळ्यात तिला हसू येईना. आल्सीदचा वरचा पुढचा दात हलायला लागला होता. कॉर्नेट नेमकं त्याच दातावर टेकतं. डॉक्टरनं सरळ सांगितलं, ईस्टरच्या आत दात काढावाच लागेल, आणि मग वाजवणं विसरा. ही गोष्ट नवराबायकोलाच ठाऊक होती. आल्सीद दिवसा सिगार वळायचा, संध्याकाळी वाजवायचा, आणि घरी आला की मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत बसायचा.

त्यातच उत्तरेकडून ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी मंडळी आली. फर्निचरच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन त्यांनी आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गालिचे टांगले आणि फिलोमेनच्या बँडला बोलावणं धाडलं.

"नाही म्हणजे नाही," आल्सीद म्हणाला. "नाचाच्या हॉलात मी वाजवतो ते हवेत जातं. तबकडीवर गेलं की ओनेसिम घरी बसून शंभरदा ऐकेल. चोराच्या हाती किल्ली देऊ?"

"बोटं दिसतात का तबकडीत?"

"त्याला कान आहेत ना मेल्याला!"

फिलोमेननं हातातला भाताचा डाव खाली ठेवला. "आल्सीद, ईस्टरनंतर तुझं काय राहणार आहे सांग मला? मी म्हातारी होईन, आणि तू कसं वाजवायचास ते आठवायला माझ्याकडे एक निळा रुमाल! मला ते नको. मला तू ऐकायला हवा आहेस."

सकाळी आल्सीद कॉर्नेट पुसायला बसला.

तबकडीवाल्यांच्या खोलीत गरम व्हायचं, कारण मेणाची तबकडी थंड पडली तर सुई नीट कोरत नाही. भिंतीतून आवाज पकडणारा एक भलामोठा भोंगा बाहेर आलेला. पियानो त्याला चिकटून, आणि ज्याचा आवाज मोठा तो लांब. आल्सीदची रवानगी थेट उघड्या दाराबाहेरच्या जिन्यावर झाली. तिथं बघायला चिटपाखरू नव्हतं, तरी पठ्ठ्यानं हातावर रुमाल टाकलाच.

हॅल्वर्सन नावाच्या साहेबानं बजावलं, "तीन मिनिटं. लाल दिवा लागला की संपवायचं. मेणाच्या दोनच तबकड्या उरल्यात."

पहिल्या वेळी सगळं लोण्यासारखं चाललं होतं. पण शेवटी साहेबाचाच पाय ठेका धरू लागला. जन्मभर नाचात वाजवलेली माणसं ती! समोर पाय हलला की सुरावटीचा आणखी एक फेरा घ्यायचा, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं. लाल दिव्याकडे बघतो कोण? आल्सीदनं फेरा घेतला, बाकीचे मागोमाग गेले, आणि सुई मेण संपवून पार मधोमध जाऊन खरखरली.

"आता मी पाय बांधून ठेवतो," साहेब ओशाळून म्हणाला.

दुसऱ्या वेळी आल्सीद पहिल्यापेक्षाही सुंदर वाजवत होता. शेवटच्या फेऱ्यात तो वरच्या सुरावर चढला आणि दातातून कळ गेली. सूर मधेच फाटला, घसरला, त्यानं कसाबसा खाली झेलला.

"मोडून टाका ती!" आल्सीद जिन्यावरून आत आला. गालावर रुमाल दाबलेला. "राहिलं तर हे चुकलेलंच राहील."

"मेण संपलं, आणि संध्याकाळची आमची गाडी आहे," साहेब म्हणाला. "मला तर आवडलं. सही कोण करणार?"

फिलोमेननं आल्सीदकडे बघितलं नाही. सही केली.

चार दिवस त्यानं अबोला धरला. पुढं दात काढला. तबकडी आली, तिनं दुकानात उभ्या उभ्या ऐकली आणि डोळे पुसत घरी आली. त्यानं ऐकायला साफ नकार दिला.

ईस्टरनंतरच्या एका रविवारी सरोवराकाठच्या हॉलात ओनेसिमच्या बँडचा नाच होता. त्याचा पियानोवाला आजारी, म्हणून फिलोमेन बसली. आल्सीद मागच्या बाकावर कोळंबी सोलत होता. दुसऱ्याच गाण्याला ओनेसिमनं आल्सीदचीच सुरावट उचलली, आणि हातावर चक्क स्वतःचा पांढरा रुमाल टाकला. सूर न् सूर तबकडीवरचाच. वरच्या सुरावर आल्यावर त्यानं तो अगदी निगुतीनं फाडला, घसरवला आणि खाली झेलला. लोक वेडे झाले, टाळ्यांवर टाळ्या.

ही माझ्याच सहीची करणी, फिलोमेनला वाटलं. जन्मभराचं वाजवणं सोडून आल्सीदची चूकच तेवढी गावभर झाली.

आल्सीद उठून सरळ ओनेसिमसमोर आला. त्यानं तो पांढरा रुमाल ओढून काढला.

"माझंच वाजवतोस आणि माझ्यापासूनच झाकतोस होय रे?"

"वाजवायला तू नाहीस आता," ओनेसिम खाली बघत म्हणाला. "म्हटलं, कुणीतरी वाजवावं. एक सूर चुकला का माझा?"

"तुझा नाही, गाढवा. तिथं माझा दात दुखला होता." आल्सीद हसला, पुढच्या खिंडारासकट. मग त्यानं खिशातला निळा रुमाल काढून डोळे टिपले आणि उघडा हात ओनेसिमच्या कॉर्नेटवर ठेवला. "नीट बघ. पहिली आणि तिसरी कळ, मग नुसती दुसरी. असं चढायचं."

ओनेसिम मान सरळ ठेवून बघत राहिला. मग त्यानं वाजवलं. सूर न फाटता वर गेला आणि तिथंच राहिला.

"फिलोमेन," आल्सीद पियानोकडे वळून म्हणाला, "ऐकलंस? हा मी."