तिसरी सही

तीन पाठीराख्यांच्या सह्या झाल्याशिवाय निकाल जाहीर करायचा नाही, हा नियम माझाच. सोळा वर्षांपूर्वी आमच्या जेवणाच्या टेबलावर मी तो मोठ्या तोऱ्यात लिहिला. काहीतरी नवं करून दाखवणाऱ्या संग्रहालयाला दरवर्षी एक पुरस्कार द्यायचा, कुणी पगार घ्यायचा नाही, आणि बाहेरच्या तीन संस्थांनी आपलं नाव पाठीशी लावायचं. नाहीतर लोक म्हणतात, आपापसात वाटून घेतात. तेव्हा माझे धाकटे दीर म्हणाले होते, "वहिनी, हे एक दिवस आपल्याच गळ्याशी येणार."

आलं. यंदा तिसरा पाठीराखा, एक छापखाना, बंद पडला. भावजी शेजारीच बसून प्रशस्तिपत्राचे कागद कापत होते, पण त्या वाक्याची आठवण त्यांनी करून दिली नाही. त्यांच्या या सज्जनपणाचाच मला जास्त राग येतो.

एरवी मी म्हटलं असतं, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पण यंदा निवड झाली होती ऑपरेटरबाईंची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं नोकरी केलेल्या या बाईंनी त्या बंद इमारतीत संग्रहालय उभं केलं होतं. आपण कानाला हेडफोन लावायचा, नंबर सांगायचा, की पलीकडच्या खोलीतून त्या काळची एखादी ऑपरेटर बोलायची आणि तिने स्वतः जोडून दिलेल्या एखाद्या फोनची हकिकत सांगायची. मी तिथे तीन तास बसले होते आणि दोनदा रडले होते. ती इमारत आता गोदामाला द्यायची, असं नगरपालिकेच्या समितीच्या मनात होतं. समितीची बैठक उद्या सकाळी अकराला. "पुरस्काराचं पत्र दाखवलं तर थांबतील हो," ऑपरेटरबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर फोन जोडायचा बोर्ड उपटून टाकतील."

दोन दिवस मी फोन करत होते. बँक म्हणाली, मेल करा. फरशीवाल्याला वाटलं की पुरस्कार त्यालाच मिळालाय. खुलासा केल्यावर तो फोनवर यायचाच बंद झाला. शाळेत माझ्या हाताखाली शिकलेला एक मोठा साहेब "बाई, तुमच्यासाठी काहीही" म्हणाला आणि मीटिंगमध्ये गेला तो गेलाच. शेवटी उरला रंगाच्या कारखान्याचा मालक. तो म्हणाला, "सही करतो की. पण दोन वर्षांपूर्वी आमचं म्युझियम बघून गेला होतात ना तुम्ही? तो कागद घेऊन या. मागितला तर दाखवायचा, असा तुमचाच नियम आहे म्हणे."

हाही नियम माझाच.

आमची पद्धत अशी, की ओळख न देता तिकीट काढून आत जायचं, सगळं बघायचं आणि निघताना तिथल्या रखवालदाराला विचारायचं, "तुम्हाला स्वतःला इथलं काय आवडतं?" त्याचं उत्तर जसंच्या तसं शेरेपत्रकात उतरवायचं, वेळ आणि मजल्यासकट. भेट दिल्याचं संग्रहालयाला मागाहून पत्राने कळवायचं. संग्रहालय कसं आहे ते त्या एका उत्तरातून जेवढं कळतं तेवढं कशातूनच कळत नाही, असं आम्ही अभिमानाने सांगायचो.

मालकाच्या केबिनबाहेर बसून मी तो कागद दोन वर्षांनी पहिल्यांदा उघडला. माझंच अक्षर. 'दुसरा मजला, ११.४०. रखवालदार म्हणाले: आवडायला काय आहे, डबेच डबे. पाच वर्षं उभा आहे. गुडघे गेले. खुर्ची मागितली तर साहेब म्हणाले, लोकांना आळशी दिसेल.'

ते पान काढून पर्समध्ये घालता आलं असतं. दहा मिनिटं माझ्या हातात होती. मी पिन सैल केली, पुन्हा दाबली. पान गायब दिसलं तर मालक सही करणार नाही, आणि उद्या अकराला ऑपरेटरबाईंच्या हातात काही नसेल, एवढंच डोक्यात घोळत होतं. मग शिपायाने बोलावलं आणि मी कागद होता तसाच घेऊन आत गेले.

मालकाने तो शांतपणे वाचला. एकदा हसला. "बरं लिहिता तुम्ही."

"तेव्हाचं आहे ते. दोन वर्षं झाली," मी म्हणाले. "तो माणूस बिचारा सहज बोलला. मीच विचारलं म्हणून."

"नाही नाही, बरं झालं. आपल्या पाठीमागे कोण काय बोलतं ते कळायला हवं." त्याने पेन उघडलं आणि माझ्या अर्जावर झोकात सही केली. शिक्काही मारला. "दुसऱ्या मजल्यावर अजून तोच आहे ना रे?" त्याने शिपायाला विचारलं. "पाठवून दे वर. हिशेबनिसालाही बोलाव."

"साहेब, त्याला काही करू नका," मी म्हणाले.

"बाई, तुमचं काम झालं ना?"

झालं होतं. कागद हातात होता, शाई अजून ओली होती. तो तिथेच फाडून टाकायला हवा होता मी. मी तो फायलीत नीट ठेवला.

जिना उतरून मी दुसऱ्या मजल्यावर गेले. रंगांच्या जुन्या डब्यांच्या कपाटांमध्ये तो उभाच होता, एक हात भिंतीला टेकून. त्याने मला लगेच ओळखलं.

"तुम्हीच ना त्या? काय आवडतं विचारणाऱ्या? मी घरी सांगितलं होतं हो. सात वर्षांत तेवढं एकाच बाईने विचारलं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शिपाई आला. "काका, साहेबांनी वर बोलावलंय. आत्ता."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फायलीकडे. चेहरा उजळला. "खुर्चीचं झालं वाटतं. तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"हो," मी म्हणाले.

"देव भलं करो तुमचं." त्याने शर्ट खोचला, टोपी सरळ केली. "मी येईपर्यंत जरा इथे लक्ष ठेवाल? मुलं डब्यांना हात लावतात."

तो कठडा धरून एकेक पायरी चढत गेला. पर्समध्ये फोन वाजायला लागला. ऑपरेटरबाईंचा होता. मी तो उचलला नाही. बसायला कुठे काही नव्हतं, म्हणून त्याच्या जागी, भिंतीला हात टेकून मी उभी राहिले.